सुमितसाठी लावलेला दिवा

"ह्याला चहा म्हणायचं? पाण्याला दुधाची नुसती ओळख करून दिलीये," कागदी कपात बघत अहिल्याबाई पुटपुटल्या.

ईप्सिताला जरा बरं वाटलं. सासूबाई चहाला नावं ठेवतायत, म्हणजे धीर अजून सुटलेला नाही.

जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नमधल्या त्या शाळेच्या व्यायामशाळेत सकाळपासून अख्खी वस्ती येऊन बसली होती. त्यांच्या गल्लीच्या टोकाला पाया खणताना महायुद्धातला बाँब निघाला होता, चांगला पाचशे किलोचा, न फुटलेला. तो निकामी होईपर्यंत घरी जायचं नाही. इथल्या लोकांना त्याचं फारसं काही नव्हतं. कोणी पत्ते कुटत होतं, कोणी कुत्र्याला केक भरवत होतं.

अहिल्याबाईंचा जीव मात्र तिकडे भारतात, सीमेवर टांगलेला. धाकटा सुमित लढाऊ विमान चालवायचा, आणि तिकडे चार दिवस झाले, युद्ध पेटलं होतं. घरात तो विषयच कोणी काढत नव्हतं. थोरला प्रणव, ईप्सिताचा नवरा, नेकारसुल्मच्या कारखान्यातून फोन करी, तोही म्हणे, "सुमित ड्यूटीवर आहे." जसा काही बँकेत बसलाय! सुमित उतरला की त्याची बायको वैभवी तळावरून एकच शब्द पाठवायची, 'जेवला'. आज सकाळी 'निघाला' आलं होतं. तेव्हापासून फोन मुका.

"आल्झो, वैभवीचं नेटवर्क गेलं असेल," ईप्सिता म्हणाली.

"तुझं ते जर्मन आल्झो आलं की पुढचं खोटं असतं."

तेवढ्यात केशरी जॅकेट घातलेली, नगरपालिकेची एक बाई माईक घेऊन पुढे आली. चौदा नंबरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर उजेड हलताना दिसतोय, ती म्हणाली. आत कोणीतरी राहिलंय. काम थांबवलंय.

चौदा नंबर, दुसरा मजला म्हणजे त्यांचंच घर. ईप्सिताने वळून सासूबाईंकडे पाहिलं. त्या अजून कपातच बघत होत्या.

"आई, निघताना दिवा शांत केलात ना?"

"तेल घालून आले. काचही लावलीये भोवती." आवाज बारीक झाला. "तो उडाला की दिवा लावायचा आणि उतरेपर्यंत जाऊ द्यायचा नाही. तो विमान शिकायला गेला तेव्हापासूनचं आहे माझं. तुला माहितीये."

माहीत होतं. ईप्सिता उठून त्या बाईकडे गेली. घरात माणूस नाही, नुसता देवापुढचा दिवा आहे, असं सांगितलं. बाईचा चेहरा सैल होण्याऐवजी आणखीच आवळला. उघडी ज्योत? बाँबपासून शंभर पावलांवर? किल्ली द्या, नाहीतर दार तोडतो. आमची दोन माणसं त्या बाँबला टेकून बसलीयेत.

"आई, किल्ल्या द्या."

अहिल्याबाईंनी पर्स छातीशी घट्ट धरली. "अर्धा तास थांबा म्हणावं."

"अहो, सगळं गाव थांबलंय."

"मग थांबू दे की! पत्तेच तर खेळतायत."

"दार तोडतील ते."

"तोडू देत. मी माझ्या हाताने नाही द्यायची."

पत्ते थांबले होते. सगळे बघत होते. ईप्सिताचा फोन वाजला. तिने झडप घालून उचलला, आणि अहिल्याबाई अर्ध्या उठल्या. प्रणव होता. "आईला सांग, काळजी करू नकोस, सुमित ड्यूटीव..." ईप्सिताने पुढचं न ऐकताच फोन ठेवला.

अहिल्याबाई परत खाली बसल्या.

"हा बाँब टाकला कोणी होता गं?"

"इंग्रजांनी, नाहीतर अमेरिकन लोकांनी. विमानातून."

"लोकांनी म्हणजे? कोणीतरी एकानेच टाकला असेल ना. आपल्या सुमितएवढाच असेल."

अहिल्याबाईंनी पर्स उघडली. कुंकवाच्या डबीखालून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि तिच्या हातात ठेवला, पण आपला हात मागे घेतला नाही.

"जा, मालवा म्हणावं. त्या पोराच्या आईनेही लावला असेल असाच दिवा. तो सुखरूप पोचलाही असेल घरी. बाँब मात्र इथेच राहिला, आपल्या दाराशी." मग त्यांनी किल्ल्यांवरचा हात काढला. "सुमित ड्यूटीवर नाहीये गं, ईप्सिता. सुमित आत्ता कुणाच्या तरी घरांवर बाँब टाकतोय."