पडद्यावरची मोतीबाई

मित्रांनो, दारव्ह्याच्या एका गोदामात पोत्यांमागे पडलेला सिनेमाचा जुना प्रोजेक्टर आहे मी. अंगावर गंज चढला आहे. कुणी विचारत नाही, त्याचे दुःखही आता राहिलेले नाही. पण माझ्या हातून एक वाईट गोष्ट घडली. ती तुम्हांला सांगतो.

नागपूरच्या एका थिएटरने नवे यंत्र घेतले, तेव्हा पंजाबरावांनी मला आणले. त्यांचा तंबूतला सिनेमा होता. कळंब, पांढरकवडा, बोरी अरब असे आम्ही बाजारांना आणि जत्रांना बैलगाडीतून फिरायचो. मला चालवणारा डोंगरसिंग बंजारा तांड्यावरचा. रोज तो माझी काच मऊ फडक्याने पुसायचा, सांध्यांत तेलाचे थेंब सोडायचा. लोक नटनट्यांसाठी तंबूत यायचे. डोंगरसिंग मात्र सुरुवातीच्या पाटीवर दिग्दर्शकाचे नाव शोधायचा. वामन दिघे हे नाव दिसले की त्याचा चेहरा उजळायचा.

"बाकीचे माणसाले उभं करतेत अन् बोलाले लावतेत," तो म्हणायचा. "दिघे सायब थांबून पाहतेत."

त्याने ते डोळ्यांनी पाहिले होते. १९५६ साली दिघे 'पाण्याची पाळी' या चित्रपटासाठी त्याच्याच तांड्याच्या विहिरीवर आले होते. तिथे पाणी भरणाऱ्या मोतीबाईला त्यांनी एवढेच सांगितले, "रोज चालता तशाच चाला." कॅमेऱ्याच्या मागे तिची आई रुपीबाई उभी होती. मोतीबाईने डोक्यावर दोन घागरी घेतल्या, कडुनिंबापर्यंत गेली, आणि वळून आईकडे पाहून हसली. हे तिला कुणी सांगितले नव्हते. दुसऱ्या कुणी ते कापून टाकले असते. दिघ्यांनी ठेवले.

पुढच्याच वर्षी मोतीबाई तापाने गेली. तिचा फोटो कधी कुणी काढलेला नव्हता.

तो चित्रपट शहरांत चालला नाही. त्याची एक वापरलेली प्रत पंजाबरावांच्या हाती आली. मग दर पौषात, बोरी अरबच्या बाजारी, दिवेलागणीच्या खेळाला रुपीबाई यायची.

"डोंगरसिंग, माही मोती आहे ना आज?"

"आहे, याडी. बस समोर." तांड्यावर आईला याडी म्हणतात.

मोतीबाई पडद्यावरून थेट तिच्याकडे पाहून हसायची. तेवढे झाले की रुपीबाई उठून चालू लागायची. पुढचा सिनेमा तिने कधीच पाहिला नाही.

आता माझे सांगतो. माझ्या पोटात एक दातेरी चक्र आहे. फिल्मच्या कडेची भोके त्याच्या दातांत बसतात आणि फिल्म पुढे सरकते. माझे ते दात झिजले होते. झिजलेले दात फिल्म फाडतात. फाटली की डोंगरसिंगला तेवढा तुकडा कापून जोड द्यावा लागे. दरवर्षी मोतीबाईची चाल थोडी तुटत गेली. आधी घागरी उचलणे गेले, मग अर्धी वाट गेली.

"आजकाल लवकर पोचते माही मोती झाडापाशी," रुपीबाई म्हणाली. डोंगरसिंगने मान खाली घातली.

तो पंजाबरावांना विनवायचा, "मालक, हे चक्र बदला. फिल्लम खाऊन राह्यलं हे."

"एवढी जत्रा होऊ दे, मंग पाहू." जत्रा व्हायची आणि दुसरी यायची.

१९६३ च्या पौषात मोतीबाई कडुनिंबापाशी आली, वळली, आणि भोके माझ्या दातांतून सुटली. फिल्म जागीच अडकली. मागे माझ्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्यांचा प्रखर जाळ. मोतीबाईच्या गालावर तपकिरी डाग उठला, पसरला, चेहरा वितळला. मग नुसता पांढरा उजेड. डोंगरसिंगने झडप घालून फिल्म ओढली. बोटे भाजली, आणि उरलेली वाटही त्या ओढाताणीत फाटून गेली.

रुपीबाई उठून उभी राहिली होती. "का झालं रे तिले?"

डोंगरसिंगने भाजल्या बोटांनी माझा दिवा विझवला.

त्याने चित्रपटाच्या कंपनीला पत्र टाकले. दोन महिन्यांनी कुणाचे तरी उत्तर आले. दिघे वारले होते. कंपनी बुडाली होती. मूळ फिल्म वितळवून बांगड्या करायला कारखान्यात गेली होती. दुसरी प्रत नव्हती.

पुढच्या पौषात रुपीबाई आली. डोंगरसिंगने तिला सगळे समजावून सांगितले. तरी ती समोर जाऊन बसली. "लाव तू," म्हणाली. विहीर आली, चित्राला एकदम हिसका बसला, आणि दुसऱ्याच बाया दिसू लागल्या. ती उठली नाही. तंबू रिकामा झाला तरी बसून होती.

"पूर्ण पाह्यला," ती म्हणाली. "नाही आली."

त्यानंतर ती कधी आली नाही. डोंगरसिंगनेही काम सोडले. मग पंजाबरावांनी नवे चक्र बसवले. माझ्यावर पुष्कळ चित्रपट चालले, एकही फाटला नाही. त्याचा आता कुणाला काय उपयोग?

मित्रांनो, आवडत्या दिग्दर्शकाचे नाव तुम्ही पाठ कराल. नुसत्या नावाने त्याचे काम वाचत नाही. ज्या फिल्मवर त्याने माणसे ठेवली ती जपा, आणि यंत्र कुरकुरले तर त्याच दिवशी थांबवा. मी सहा वर्षे कुरकुरत होतो. तंबूत सगळ्यांना ऐकू येत होते.