मामांची झील

बोरीच्या मंजुषाला बँकेची परीक्षा द्यायची होती. लग्न ठरतानाच तिनं जीवनला सांगून टाकलं होतं, अभ्यास सोडणार नाही. जीवन हो म्हणाला, आणि त्याच्या आई-वडिलांनीही, बायनाबाई आणि बन्सीधर यांनी, कधी आडकाठी केली नाही. गणित तिला सोपं जायचं. अडायचं ते इंग्रजी शब्दांपाशी.

त्या सकाळी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलता सोलता ती पुटपुटत होती, "झील म्हणजे... झील म्हणजे..." आणि कपाळावर हात मारून घेत होती.

खाटेवर बसलेल्या बन्सीधरांनी विचारलं, "झील कुणाची ओढायलीस गं?"

"इंग्रजी शब्द हाय मामा. रोज पाठ करते, रोज उडतो."

"अर्थ काय त्याचा?"

तिनं मोबाइलमध्ये बघितलं. "मनापासूनची ओढ. जीव ओतून काम करायची तळमळ."

बन्सीधर हसायलाच लागले. "मग ह्यात इसरण्यासारखं काय हाय? भारुडात म्होरचा गडी ओळ म्हणतो अन् मागचे ती उचलून धरतात, ती झील. जीव ओतल्याबिगर ओढताच येत न्हाई. मेल्यावानी ओढली तर म्होरच्याचंबी गाणं पडतं."

सासरे पूर्वी भारुडात होते एवढंच मंजुषाला ठाऊक होतं. त्यांच्या पुढं ओळ म्हणणारे सिताराम लेकाकडं पुण्याला राहायला गेले आणि बन्सीधरांनी टाळ ठेवून दिले. ते तिच्या लग्नाआधीच.

"ओढून दाखवा की."

"येडी का काय! म्होरं कुणीतरी लागतं."

"मी म्हणते."

शाळेतल्या प्रार्थनेची एक ओळ तिनं भीत भीत म्हटली. सूर साफ चुकला. बन्सीधरांनी डोळे मिटले, कानावर हात ठेवला आणि ती चुकलेली ओळ अशी उचलली, की चुलीपुढच्या बायनाबाई पिठाच्या हातांनी तशाच बाहेर आल्या. ओळ संपेपर्यंत दाराला टेकून उभ्या राहिल्या.

"कुठं ठिवला होता एवढे दिवस हा आवाज?"

"तुझ्याच घरात होता की," बन्सीधर म्हणाले आणि लाजल्यासारखे अंगणात गेले.

परभणीला परीक्षेत तो शब्द खरंच आला. मंजुषाला आठवावं लागलंच नाही. कानात मामांचा आवाज घुमला आणि तिनं बरोबर पर्याय निवडला. पहिली पायरी तिनं पार केली. पुढची मोठी परीक्षा अजून बाकी होती.

बायनाबाईंच्या कानातून मात्र बन्सीधरांचा तो आवाज जाईना. बायकांच्या भजनी मंडळात कमलबाई पुढं म्हणायच्या. त्यांना जाऊन सांगितलं, "आमच्या मालकाला मागं उभं करा."

शनिवारी मारुतीच्या देवळात सगळ्या बायकांच्या मागं एकटे बन्सीधर उभे राहिले. पारावरची माणसं आधी हसली, मग आत येऊन बसली. कमलबाईंनी ओळ सोडली की बन्सीधर ती झेलून धरायचे, आणि कमलबाईंचाही आवाज चढायचा.

घरी आले तेव्हा घसा पार बसला होता. बायनाबाईंनी हळदीचं दूध पुढं केलं. "लहान हायेत का तुमी? एवढं वरडायचं असतं का?"

"बरं, उद्या गप बसतो," ते कसेबसे म्हणाले.

"गप कशाला बसता? उद्या पोखर्णीच्या देवळातनं भजनाचं बोलावणं हाय. मी हो म्हणून आले."

मंजुषानं दुधात आणखी थोडी हळद टाकली.