पूल नापास होऊ नये म्हणून

पुंजाजीचा जीव दोनच गोष्टींत अडकलेला. एक त्याचा भाजीचा टेम्पो, दुसरी लेक छाया. छायाचं सासर नदीपलीकडे, खामगावच्या वाटेवर. पिंपळगावहून मंडईला निघाला की हा बाप्या रोज पूल ओलांडून तिच्या दारात हॉर्न वाजवणार, उभ्या उभ्या चहा पिणार, मगच पुढे जाणार. जावई हसायचा. हसेना का!

बुलढाण्याच्या कॉलेजातल्या सुचिता मॅडमनी याच टेम्पोच्या सीटखाली एक डबी बसवली. गाडी गेली की पूल थरथरतो, ती थरथर गाडीत उतरते, डबी ती टिपून घेते. पूल आतून कमजोर झाला असेल तर थरथर बदलते. बाईनं इतकं सोपं करून सांगितलं होतं, पण पुंजाजीच्या डोक्यात शिरला एकच शब्द. तपासणी!

अन् तपासणी म्हटली की आपल्याकडे काय करतात? शाळेला रंग फासतात, दवाखान्यात नव्या चादरी घालतात. पुंजाजी काय वेगळा?

"पूल नापास झाला तं बंद करतीन," तो बायकोला, शालूबाईला म्हणाला. "मंग मले दुरून फेरा. पोरीचं तोंड कवा पाहू मी?"

"मंग आता काय करता?"

"पास करतो त्याले!"

झालं. पूल आला की हा पठ्ठ्या गाडी अशी चालवायचा, की क्रेटमधलं टमाटंसुद्धा हलू नये. "गाडीत अंडे हायेत का बे?" मागचे ओरडायचे. पुंजाजी ढिम्म. तिकडे सुचिताच्या डोक्याला ताप. रस्त्यावरचे बाकी सगळे पूल बोलत होते, हाच तेवढा मुका. तिनं डबी बदलली, कॉलेजातल्या पोरांवर चिडली, स्वतःवर चिडली. काही उपयोग नाही.

मग छायाला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मंडईतून परतताना पुंजाजी तिला घ्यायला गेला. मागे सरकीच्या ढेपेची पोती, शेजारी लेक. स्वारी खुशीत होती. पूल जवळ आला अन् टेम्पो रांगायला लागला.

"बाबा, काऊन इतके हळू?"

"पुलाची तपासणी चालू हाये."

"मंग पूल बरा हाये ना?"

पुंजाजीनं करकचून ब्रेक मारला. बरा आहे की नाही, कोणाला ठाऊक! जिला कळलं असतं त्या डबीचं तोंड यानंच दाबून धरलं होतं. अन् आता त्याच पुलावरून लेकीला न्यायचं, लेकीच्या पोटात बाळ. त्यानं फोन लावला.

"मॅडम, तुमची डबी चांगली हाये. मीच लबाड निघालो."

सुचिता आली ती तणतणतच. "काका, डॉक्टरपुढे श्वास रोखून बसलात, तर त्याला काय कळणार? नेहमीसारखी चालवा!"

छाया अलीकडेच लिंबाखाली बसली. पुंजाजीनं भरला टेम्पो दणक्यात पलीकडे नेला. लॅपटॉपवर बघता बघता सुचिताचा राग कुठल्या कुठे गेला. ती म्हणाली, "मधल्या गाळ्यात गडबड आहे. आता यावरून गाड्या नकोत." पुंजाजी चालत परत आला आणि लेकीचा हात धरून तिला पायी घेऊन गेला.

इंजिनिअर खाली उतरले. गाळा खांबावर जिथं टेकतो तिथली रबरी गादी पार झिजून गेली होती. वेळेवर सापडलं, नाहीतर पूल पाडावा लागला असता. आता नवी गादी घालून भागणार होतं. गाड्या बंद झाल्या, पुंजाजीला फेरा पडलाच. पण तक्रार करायला तोंड कुठं होतं? शिवाय छाया तर घरातच होती.

पूल सुरू झाला तेव्हा बाळंतीण सासरी निघाली. मांडीवर तान्ही लेक. पुलाच्या मध्यावर फोन वाजला, छायानं तो बापाच्या कानाला लावला.

"काका!" सुचिता ओरडली. "दुरुस्तीनंतरचं पहिलंच रीडिंग, अन् पुन्हा मुकं? आता कशाला लपवता?"

"लपवत न्हाई मॅडम," पुंजाजी अगदी हळू आवाजात म्हणाला. "नात झोपली हाये."