न बुडणारी शवपेटी

मी शवपेटी बोलतेय. दचकू नका. मी रिकामी नाही, त्यामुळे तुमच्यासाठी माझ्यात जागा नाही. निवांत बसून ऐका.

माझा जन्म केरळातल्या कुट्टनाडातला. इथे जमीन कमी आणि पाणी उदंड. माणसं होडीने लग्नाला जातात, होडीने मत द्यायला जातात आणि शेवटी होडीनेच कबरस्तानात जातात. मीही आधी होडीच होते. उलहन्नान नावाच्या बदकवाल्याची. त्याच्या हजार बदकांमागे मी तीस वर्षं भटकले. मग माझा तळ किडला आणि उलहन्नानने नाणू आशारीला, म्हणजे सुताराला, बोलावलं. "हिच्या चांगल्या फळ्या काढ आणि माझ्यासाठी पेटी कर," तो म्हणाला.

नाणू आशारीने जन्मभर होड्या बांधलेल्या. पेटी कधी केली नव्हती, आणि त्यांच्यात माणसाला जाळतात, त्यामुळे बघितलीही जवळून नव्हती.

"लांबी किती ठेवू?"

"माझ्याएवढी. पाय दुमडून मी देवासमोर जाणार नाही."

"आणि पाणी आत येता कामा नये, खरं ना?"

"अरे नाणू, मेल्यावर मला काय सर्दी होणार आहे?"

नाणूने ते कानावर घेतलंच नाही. हाताला दुसरं येतच नव्हतं. सांध्यासांध्यात काथ्या ठोकला, वर राळ ओतली, अंगभर मासळीचं तेल पाजलं आणि झाकण असं बसवलं की मुंगीलासुद्धा वाट सापडू नये. ही चूक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पेटी तयार झाली, पण म्हातारा काही तयार होईना. अकरा वर्षं मी ओसरीत पडून होते. पहिल्या महिन्यात एलीश्वा, म्हणजे त्याची बायको, माझ्याकडे बघून क्रुसाची खूण करायची. दुसऱ्या महिन्यात तिने माझ्यात बियाण्याचं भात भरलं. पुढे एका बदकीने माझ्यात तेरा अंडी उबवली. मृत्यूचं घर म्हणून बांधलेल्या मला पहिली वस्ती झाली ती तेरा पिल्लांची. दुपारी ताडी जरा जास्त झाली की उलहन्नान स्वतःच येऊन माझ्यात आडवा व्हायचा. एलीश्वा ओरडायची, "अहो, उठा! मेलात की झोपलात एवढं तरी सांगा. ताटात उकडलेला कप्पा गार होतोय!"

मेलात की झोपलात, याच प्रश्नावर त्या घरात वर्षानुवर्षं भांडण चालू होतं.

उलहन्नानचा धाकटा भाऊ इट्टूप. तो आपलं जुनं देऊळ, म्हणजे चर्च, सोडून शनिवारी प्रार्थना करणाऱ्या मंडळीत गेला होता. रोज दुपारी बायबल काखेत मारून यायचा आणि माझ्यावर बूड टेकून, मोठ्या भावाला 'चेट्टा' म्हणत वाद घालायचा.

"चेट्टा, मेलेला माणूस झोपतो. त्याला काही कळत नाही, काही ऐकू येत नाही. शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल तेव्हाच उठेल. शास्त्रात लिहिलंय."

"आणि वधस्तंभावरचा तो चोर? त्याला प्रभू काय म्हणाले? आजच माझ्याबरोबर स्वर्गात येशील म्हणाले. झोप काढून ये, असं म्हणाले का?"

"मग लाजराचं काय? चार दिवस कबरेत होता. बाहेर आल्यावर स्वर्गाबद्दल एक अक्षर बोलला? तू आलप्पुळ्याला जाऊन आलास तरी चार दिवस सांगत बसतोस!"

"त्याला तू भेटला असशील वाटेत. बोलायला संधीच मिळाली नसेल."

दोघंही हसायचे. पण मी बसल्याजागी ओळखून होते की हा वाद चोराचाही नव्हता आणि लाजराचाही नव्हता.

उलहन्नान आणि एलीश्वाची पहिली मुलगी जन्मली ती भर आषाढातल्या पुरात. पाणी एवढं की बाळाला बाप्तिस्म्याला नेता येईना. चौथ्या दिवशी बाळ गेलं. आमच्यात नाव मिळतं ते बाप्तिस्म्यात, त्यामुळे तिला नावही नव्हतं. तेव्हाचे अच्चन, म्हणजे आमचे पाद्री, कडक होते. पाणी न शिंपडलेलं बाळ भिंतीच्या आत पुरता येणार नाही, म्हणाले. कबरस्तानाच्या भिंतीबाहेर, जिथे दारुडे आणि जीव दिलेले लोक पुरायचे त्या कोपऱ्यात, करंजाच्या झाडाखाली तिला ठेवलं. त्या जागेला गाव अजून 'टग्यांचा खड्डा' म्हणतं. चार दिवसांची टगी! मला आजही राग येतो.

तिचा आत्मा कुठे गेला, हे उलहन्नान पन्नास वर्षं बायबलात शोधत होता. एक दिवस त्याला सापडलं. दावीद राजाचं बाळ सातव्या दिवशी जातं. त्यांच्यात सुंता आठव्या दिवशी, म्हणजे तेही विधीवाचूनच गेलं. दावीद उठतो, आंघोळ करतो, जेवतो आणि म्हणतो, आता मीच त्याच्याकडे जाईन, ते काही माझ्याकडे येणार नाही.

"बघ!" उलहन्नानने माझ्यावर थाप मारली. "राजा म्हणतोय, मी त्याच्याकडे जाईन. म्हणजे बाळ कुठेतरी आहेच ना?"

इट्टूपने चष्मा लावून ओळ दोनदा वाचली. "चेट्टा, जाईन म्हणजे मातीत जाईन. बाळ मातीत, बापही मातीत. एवढाच अर्थ."

मला वाटलं, आता म्हातारा पुस्तक फेकून मारणार. पण त्याने ते मिटून मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "ठीक आहे. माझं खरं असेल तर मला कुठेही पुरा, मी तिच्यापर्यंत पोचेन. पण तुझं खरं निघालं तर? मग मला तिच्याच मातीत ठेवायला हवं. इट्टूप, मला करंजाखाली ठेव."

"भिंतीबाहेर? जोयिच्चन मला उभा चिरेल."

"वचन दे."

इट्टूपने वचन दिलं नाही. चष्मा विसरून निघून गेला.

जोयिच्चन हा मुलगा. कुवेतला असतो. बापाने त्याला फोनवर सांगून पाहिलं. तो म्हणाला, "अप्पच्चा, आपली संगमरवराची घराण्याची कबर आहे. टग्यांच्या खड्ड्यात बापाला पुरलं म्हटल्यावर मी देवळात तोंड कसं दाखवू?" नवे अच्चन स्वभावाने मऊ होते, पण तेही म्हणाले, "ती जमीन आशीर्वादित नाही. भिंत ती भिंत."

आणि पुन्हा आषाढातच, पाणी ओसरीला लागलेलं असताना, उलहन्नान जेवता जेवता गेला. ताटातला मासा तसाच राहिला.

जोयिच्चन आला. त्याला शहरातली पितळी कड्यांची चकचकीत पेटी हवी होती, पण पुरामुळे ती येईना. नाइलाजाने माझ्यावर पांढरं कापड चढलं. सगळ्यांनी माझ्याभोवती उभं राहून फोटो काढला. फोटोवाला सवयीने म्हणाला, "जरा हसा," आणि दोघंतिघं हसलेही.

कबरस्तानात गुडघाभर पाणी होतं. संगमरवरी कबर उघडली तर आत विहीर! अच्चननी वरून पवित्र पाणी शिंपडलं, खाली बिनपवित्र पाणी पुरुषभर होतं. मला आत सोडलं. मी वर आले. चार जणांनी बांबूने दाबलं. मी पुन्हा वर. तिसऱ्या वेळी खड्डे खोदणारा वर्क्की पुटपुटला, "प्रभू तिसऱ्या दिवशी उठले. हा तर तिसऱ्या मिनिटालाच उठतोय."

"भोक पाडा पेटीला!" जोयिच्चन ओरडला.

नाणू आशारी काठीवर वाकून उभा होता, तो ताठ झाला. "माझ्या कामाला भोक? पन्नास वर्षांत माझ्या एका होडीने पाण्याचा थेंब घेतलेला नाही!"

"कोणी हात तर लावून बघा," एलीश्वा म्हणाली. मग कोणी लावला नाही. पाणी उतरेपर्यंत मला मधल्या दगडी क्रुसाला काथ्याच्या दोराने बांधायचं ठरलं.

उजाडता उजाडता एक लहान होडी आली. इट्टूप एकटाच. पाणी आता भिंतीच्या वर चढलं होतं. त्याने दोराची गाठ सोडायला घेतली. हात गाठीत, तोंड मात्र चालू होतं.

"तुला काही ऐकू येत नाही, मला माहीत आहे. शास्त्रात लिहिलंय. तरी सांगतो. डोकं सांभाळ, खाली भिंत आहे. जरा डावीकडे घेतोय. थंडी वाजतेय का रे? वाजणार नाही म्हणा, तुला काही कळत नाही. चेट्टा, वचन द्यायला हवं होतं मी. चुकलो. आलीच बघ पोरगी."

त्याने मला करंजाच्या मुळांत अडकवलं, दोराने दगड बांधले आणि होडीत बसून लहान मुलासारखा रडला.

पाचव्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा मी गाळात अर्धी रुतलेली होते. गाव जमलं. चमत्कार, चमत्कार! बापाला देवाने स्वतः उचलून पोरीजवळ नेलं! जोयिच्चनचा चेहरा उजळला; टग्यांच्या खड्ड्यात लाज असते, चमत्कारात घराण्याची शान. अच्चन वाकले. त्यांनी दगडांना बांधलेला दोर पाहिला. मग इट्टूपकडे पाहिलं. इट्टूप पलीकडच्या पाण्यातली बदकं मोजू लागला.

"देवाने ठेवलंय, ते आपण हलवायचं नाही," अच्चन म्हणाले आणि त्या कोपऱ्यातल्या सगळ्या मातीवर पाणी शिंपडलं. दारुड्यांनाही फुकटात आशीर्वाद मिळाला.

आत्मा कुठे गेला, हे मला विचारू नका. उलहन्नान माझ्यात आला तेव्हा एक तर निघून गेलेला होता, नाहीतर झोपलेला होता. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. इट्टूप दर शनिवारी प्रार्थना उरकून येतो, मेलेल्यांना काही कळत नाही असं बजावतो आणि मग अर्धा तास बदकांची, एलीश्वाच्या गुडघ्यांची आणि भाताच्या भावाची खबर देत बसतो. त्याला हसू नका, आणि दोराचं कुणाला सांगू नका.

आता मी थकलेय. राळ सुटली, काथ्या कुजला. नाणूची कारागिरी अखेर मातीपुढे हरली आणि माझी पहिली फळी गेल्या आषाढात गळून पडली. पोरीच्या बाजूची.