सुवर्णाचे नाव पुसणारा फलक

मित्रांनो, मी एक जुना सूचनाफलक आहे. शाळेच्या भिंतीवर खडूने लिहितात तसला नव्हे, संगणकातला. माझा स्वतःचा संगणक आता भंगारात गेला. आता एका नव्या लॅपटॉपच्या पोटात खोटाच जुना संगणक तयार केला आहे. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्यात मी राहतो. दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्याने तोऱ्यात बोलू नये, हे मला कळते. पण माझ्या लाजेचे खरे कारण हे नाही, ते पुढे येईल.

नाशिकमध्ये इंटरनेटचे नुसते नाव ऐकू येत होते, तेव्हाची गोष्ट. मखमलाबादच्या फुलशेती करणाऱ्या घरातला शेखर नावाचा तरुण संगणकाचा क्लास चालवायचा. त्याने मला फ्लॉपीवरून उतरवले आणि महिनाभर खपून माझी घडी बसवली. टेलिफोनची तार मोडेमला जोडली. ही डबी कुईकुई करू लागली की समजायचे, कोणीतरी आपल्या संगणकावरून फोन लावून आले. तार एकच, म्हणून एका वेळी माणूसही एकच. तो इंग्रजी अक्षरांत मराठी निरोप लिहून जाई, मग दुसरा येऊन वाची आणि उत्तर देई. कोणी शेवंतीचा भाव लिही, कोणी निकाल, कोणी नुसतीच थट्टा. लोक माझे कौतुक करत आणि मी फुगून जाई.

सर्वांत नेमाने येई ती शेखरची थोरली बहीण सुवर्णा. पहाटे फुलांच्या टेम्पोतून बाजारात जायची, घरी परतून स्वयंपाक उरकायची आणि मग दुपारी माझ्याकडे यायची.

माझी डिस्क लहान होती. म्हणून शेखरने नियम घातला होता, की जो तीन महिने फिरकणार नाही त्याचे नाव आणि त्याचे सगळे निरोप पुसायचे. नियम त्याचा, पण पुसायचो मी. निघताना प्रत्येक जण आपल्या रीतीप्रमाणे 'येतो' लिहून जाई, आणि मी लगेच दिवस मोजायला लागे. कोणी आजारी असेल, कोणाचा फोन कापला गेला असेल, हा विचार मला कधी शिवला नाही. उलट जागा मोकळी झाली की मला बरे वाटे.

एका जून महिन्यात बाजाराकडे निघालेला फुलांचा टेम्पो उलटला आणि सुवर्णा गेली. शेखरने त्याच दिवशी मला बंद केले आणि पुन्हा सुरू केलेच नाही. संगणक चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला. तीन महिने मोजायला मी जागाच नव्हतो, म्हणून तिचे नाव माझ्यात राहिले. त्यात माझा चांगुलपणा काहीच नाही.

बरीच वर्षे लोटली. सुवर्णाची मुलगी निकिता, जी तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती, आता सातपूरला नोकरी करते. एका रविवारी ती शेखरकडे आली.

"मामा, आईचे फोटो आहेत माझ्याकडे, पण ती बोलायची कशी, तेच मला आठवत नाही. तुझ्या त्या संगणकात तिनं लिहिलेलं आहे ना? मला वाचायचंय."

"हाय गं. पण लय जुनं हाय ते. चालंल का नाय, देव जाणे."

शेखरने खटपट करून जुन्या डिस्कवरून मला लॅपटॉपमध्ये आणले. त्यानंतर ती डिस्क कायमची गेली. त्याने मला सुरू केले. मी तारीख विचारली आणि लॅपटॉपने खरी तारीख सांगितली, आजची. माझ्याकडे कोणी पाव शतकाहून जास्त काळ फिरकलेले नव्हते. मग मी माझे काम सुरू केले.

यातले मला काहीच आठवत नाही, सारे त्या दोघांच्या बोलण्यातून नंतर कळले. पडद्यावर एकेक नाव येत होते आणि पुसले जात होते.

"मामा, थांबव ना त्याला! अरे, आईचं नाव गेलं!"

शेखरने डोक्याला हात लावला. "माझाच नियम गं तो. ध्यानातच नाय राहिला."

सुदैवाने सुरू करण्याआधी त्याने माझी एक प्रत काढून ठेवली होती. तुमच्याशी बोलतो आहे ती ही प्रत. 'पुसणारा तो वेगळा, मी नव्हे' असे म्हणून मला हात झटकता आले असते. पण स्वभाव तोच आहे. खरी तारीख कळली असती, तर मीही तेच केले असते.

या वेळी शेखरने आधी तारीख बदलली. मला बंद केले तोच दिवस आज आहे, असे त्याने मला सांगितले. म्हणजे मला खोटे सांगितल्याशिवाय माझ्याजवळ कोणाचे नाव सुरक्षित राहत नाही. निकिता आईच्या नावाने आत आली, आणि मी सवयीने लिहिले, 'रामराम सुवर्णाताई. तुमची मागची भेट : काल.'

निकिताचे हात थांबले. "काल," ती हळूच म्हणाली. शेखर खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मग तिने आईचा शेवटचा निरोप उघडला. 'निकीचा आज बालवाडीचा पहिला दिवस. पोरीनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. रडले मीच. उद्या काय करते ते उद्या सांगते.'

निकिता हसली, मग डोळे पुसले. "आई अशी बोलायची?"

"अशीच. लिहायची पण बोलल्यागत."

"मामा, याला उत्तर देता येतं?"

"येतं की."

तिने सावकाश टाइप केले. 'आई, दुसऱ्या दिवशी मला शाळेत कोणी नेलंच नाही. नंतर मामा न्यायचा. मग मी रोज मागे वळून बघायचे.'

मित्रांनो, तुमच्या घरात जुन्या फ्लॉपी, जुन्या डिस्क पडल्या असतील, तर त्या चालतात तोवर त्यांची प्रत काढून ठेवा. आणि कोणी बरेच दिवस आले नाही, तर त्याचे नाव पुसण्याआधी एकदा चौकशी करा. मी ती कधीच केली नाही. आणखी किती सुवर्णा मी पुसल्या, हे आज मला सांगताही येत नाही, कारण त्यांची नावेसुद्धा मी ठेवली नाहीत.