कोरी पट्टी

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या बोळात घरघरत उभा असलेला मी एक जुना फ्रीझर आहे, उणे ऐंशी अंशांचा. नवा होतो तेव्हा माझे काय कौतुक व्हायचे! आता दाराचे रबर झिजले आहे, आत बर्फ साचला आहे. घरघर वाढली की लोक एक थाप मारतात आणि पुढे जातात.

माझ्या पोटात नऊ वर्षांच्या एका मुलीच्या पेशींच्या दोनच नळ्या होत्या. तिला दर महिन्याला ताप भरायचा, तोंड यायचे, पण जंतू काही सापडत नव्हते.

पेशीत जंतू शिरला की धोक्याचा निरोप पुढे जावा म्हणून युबिक्विटिन या इवल्या प्रथिनाची साखळी निरोप्या प्रथिनांना जोडली जाते. काम झाले की कातरणारी प्रथिने ती काढतात आणि पेशी शांत होते. या मुलीत कातरणारी कमी पडून साखळी वेळेवर निघत नसावी, अशी प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना शंका होती. तपासणीच्या पट्टीवर साखळ्या काळ्या डागांसारख्या उमटतात.

पहिली नळी तंत्रज्ञ दादांनी काढली. पेशी फोडताना कातरणाऱ्यांना थोपवणारे औषध घालावे लागते, नाहीतर ती नळीतही कातरतच राहतात. दादा घाईत ते विसरले. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसाची पट्टी कोरी आली, मुलीचीही कोरी. दोन्ही सारख्या, म्हणून ‘दोष नाही’ असा अहवाल गेला.

तो घ्यायला आई मुलीला घेऊन आली होती. माझ्या शेजारच्या बाकावर बसून ती म्हणाली, “बघ, काही झालेलं नाही तुला. आता शाळा बुडवायची नाटकं बंद.”

मुलीने तापलेला गाल माझ्या पत्र्याला लावला. घरघरीशिवाय मला आवाज नाही, याचे तेव्हा फार वाईट वाटले.

चार महिन्यांनी बाईंनी जुन्या पट्ट्या पुन्हा पाहिल्या. “निरोगी माणसाची पट्टीसुद्धा इतकी कोरी कशी? औषध घातलं होतं ना?”

दादांचा चेहरा उतरला. “विसरलो, बाई.”

आता एकच नळी उरली होती, आणि माझा कप्पा बर्फात घट्ट बसलेला. दादा खरवडत होते, उघड्या दारातून माझी थंडी निसटत होती. नळीतल्या पेशी वितळल्या असत्या तर तपासायला काहीच उरले नसते. कशीबशी ती निघाली.

या वेळी निरोगी पट्टीवर पुसट डाग आला. मुलीची पट्टी काळीकुट्ट झाली.

आई त्याच बाकावर बसली होती. “म्हणजे तेव्हा ती खरंच आजारी होती?”

“होती. चूक आमची झाली,” बाई म्हणाल्या.

“मी तिला तापात शाळेत पाठवलं हो. दोनदा मारलंसुद्धा.”



मित्रांनो, पट्टी कोरी दिसली म्हणून तिथे काही नव्हतेच असे समजू नका. आपल्याच हातून ती पुसली गेली का, हे आधी विचारा. आणि माझ्या दाराचे रबर तेवढे बदला. त्या मुलीच्या धाकट्या भावाच्या पेशी कालच माझ्या पोटात आल्या आहेत.