हॉर्नचा फ्यूज

बाबांनी गाडी चालवणं सोडलं. शांतपणे, स्वतःहून, किल्ली माझ्या हातात देऊन. हे वाक्य आपण वाचलंच नाही असं समजू, कारण त्या दुपारी बाबा स्टिअरिंगमागे बसून किल्ली फिरवत होते आणि ताईच्या मुलीला शाळेतून आणायला निघाले होते.

इंजिन नुसतं खोकत राहिलं.

“फ्यूज,” बाबा म्हणाले.

बरोबरच होतं. इंधनपंपाचा फ्यूज काढून त्या जागी जळका मीच सकाळी बसवला होता. कल्पना आईची. आदल्या आठवड्यात बाबांनी शेजाऱ्यांच्या फाटकाचा खांब ठोकला आणि वर खांबालाच झापलं. नात त्यांच्या शेजारच्या सीटवर बसते. पण उभा जन्म टॅक्सी चालवलेल्या माणसाला ‘तुम्हाला दिसत नाही’ हे सांगायचं कोणी? आई म्हणाली, तू सांग. मी म्हणालो, तू सांग. शेवटी फ्यूजने सांगावं असं ठरलं.

बाबांनी डॅशबोर्डखालचं झाकण काढलं. चिमट्याने एकेक फ्यूज उपटायचा, उन्हात धरून आतली तार बघायची आणि परत बसवायचा. दातांचे डॉक्टर दाढ उपटतात तसंच, फक्त हे दाढा परत करत होते.

“दिव्यांचा. ठणठणीत. वायपरचा. ठणठणीत.”

आई पायरीवर मटार सोलत माझी नजर चुकवत होती. आता जळका निघणार, बाबा तो बदलणार आणि आमचा कट बाराच्या भावात जाणार. जळका निघालाही. मी पलीकडच्या खिडकीशी उभा होतो, तिथूनही मला तुटलेली तार दिसत होती. फट अशी, की तिच्यातून मांजर गेलं असतं.

बाबांनी तो उन्हात धरला. फिरवला. चष्मा कपाळावर चढवून पुन्हा धरला.

“ठणठणीत.” आणि परत बसवला.

आईचा हात थांबला. “मग गाडीला झालंय तरी काय?”

“तू मटार सोल.”

मग बाबांनी हॉर्नचा, पंपाच्या फ्यूजसारखाच निळा फ्यूज काढून पंपाच्या जागी लावला. रंग त्यांना दिसतात. किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

कोणालाच आनंद झाला नाही.

थोडा वेळ ते इंजिन ऐकत बसले. मग त्यांनीच ते बंद केलं.

“म्हणजे तो गेलेला होता.”

“हो, बाबा.”

“तुला दिसत होतं?”

“हो.”

“तिथून?”

“इथून.”

त्यांनी आमच्यामधलं अंतर पाहिलं. एक सीट आणि हँडब्रेक, एवढंच होतं.

“बाबा, तो जळका मीच...”

“ठाऊक आहे. झाकणाची खिट्टी उलटी बसवलीस. हाताला लागली. म्हणून तर एकेक बघत होतो.”

ते उतरले, पँटला हात पुसले आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली.

“पोरगी खोळंबली असेल. जा तू. हॉर्न वाजणार नाही, बेतानं चालव.”

शाळेच्या वाटेवर मी मनातल्या मनात अर्ज लिहिला: सबब, संबंधित खात्यास नम्र विनंती, की अर्जदाराच्या वडिलांची नजर, निदान एका तारेपुरती, पूर्ववत करून मिळावी. बदल्यात गाडी जमा करण्यास अर्जदाराची हरकत नाही.